भाऊसाहेबांचा मंजूर वेग

माणसाने सायकलवरून कामाला खुशाल जावं, पण कोणी वेग विचारला तर शक्यतो सांगू नये. एवढी साधी गोष्ट भाऊसाहेबांना वेळेवर सुचली असती तर एका सरळ रस्त्याचं, पाच सिग्नलांचं आणि एका बिचाऱ्या नर्सचं जे झालं ते झालं नसतं.

भाऊसाहेब नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात मोठे कारकून होते. शहरात कोण आलं आणि शहरातून कोण गेलं, हे त्यांची सही झाल्याशिवाय पक्कं होत नसे. त्यामुळे आपण एकदा बोललो की ती गोष्ट कायमची, अशी त्यांची एक समजूत झाली होती. दुर्दैवाने ती खरी निघाली.

सायकलची कल्पना डॉक्टरांची. त्यांनी भाऊसाहेबांच्या पोटाकडे नुसतं पाहिलं, नाडीसुद्धा धरली नाही, आणि म्हणाले, "सायकल घ्या." सायकल आली तशी खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजरही जिन्याशी आले. बँकेत त्यांचं सगळं आयुष्य लोकांना नाही म्हणण्यात गेलं होतं, आणि आता ते सल्ले देऊन त्याची भरपाई करत होते. त्यांना स्वतःला सायकल येत नव्हती, त्यामुळे त्यांच्या सल्ल्याला अनुभवाची मर्यादा नव्हती.

"सीट वर घ्या भाऊसाहेब. पाय सरळ झाला पाहिजे."

भाऊसाहेबांनी सीट वर घेतली. दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "एवढी वर कोणी सांगितली? पडाल ना." मग चाकांत हवा जास्त झाली, मग कमी झाली. मग हँडल छातीच्या मानाने रुंद ठरलं. शेवटी मॅनेजर म्हणाले, "आणि वेग मोजायला काही आहे का? नाही? मग तुम्ही जाताय हे तुम्हाला कळणार कसं?" तेव्हा भाऊसाहेबांनी दुकानातून स्पीडोमीटर बसवून आणला.

त्या स्पीडोमीटरचा काटा एकदा, फक्त एकदा, पंचवीसवर गेला. पाण्याच्या टाकीजवळचा उतार होता, मागे एक कुत्रं लागलं होतं आणि ब्रेक नेमका कोणत्या हातात असतो हे भाऊसाहेब विसरले होते. काटा पंचवीसला टेकला, थरथरला आणि खाली आला. कुत्रंही मागे फिरलं. पण पंचवीस हा आकडा भाऊसाहेबांच्या मनातून खाली आला नाही.

आता सरासरी म्हणजे काय ते सोपं करून सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. घरापासून कचेरीपर्यंतचं अंतर घ्यायचं आणि लागलेल्या वेळाने भागायचं. वेळ मात्र सगळा धरायचा. चढावर सायकल हातात धरून चाललात तो धरायचा, चेन पडली तो धरायचा, ओळखीचा माणूस भेटला म्हणून त्याच्या सुनेची चौकशी केलीत तोही धरायचा. उतारावर क्षणभर दिसलेला आकडा म्हणजे सरासरी नव्हे. एखाद्या मुलाला एकदाच गणितात पैकीच्या पैकी मिळतात आणि ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतं, "मला नेहमीच मिळतात." मुलाच्या तोंडी ते गोड वाटतं. मोठ्या कारकुनाच्या तोंडी ते कागदावर जातं.

भाऊसाहेबांची खरी सरासरी साडेबारा होती. इमारतीतली सिस्टर त्यांना रोज मागे टाकून जायची. ती पुढच्या हॉस्पिटलात नर्स होती, तिच्या सायकलच्या टोपलीत डबा, छत्री आणि आठवड्याची भाजी असायची, आणि तरीही ती जाता जाता म्हणायची, "येते हं काका." एकदा इरेला पेटून भाऊसाहेबांनी तिचा पाठलाग केला. काटा अठरावर गेला आणि तिथेच राहिला, तेव्हा कुठे दोघांमधलं अंतर वाढायचं थांबलं. सिस्टर गाणं गुणगुणत होती. भाऊसाहेबांना डोळ्यांपुढे आपल्याच विभागातली दुसरी नोंदवही दिसायला लागली, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

प्रकरण सुरू झालं ते जेवणाच्या सुट्टीत. रोखपाल स्कूटरवरून यायचा आणि स्कूटरवरून येणाऱ्या माणसाला सायकलवाल्याची जेवढी काळजी असते तेवढी त्याला होती.

"आलात का भाऊसाहेब? मला वाटलं, कालचे निघालेले तुम्ही उद्या पोचाल."

टेबलाभोवती हशा झाला.

"खरं सांगा," रोखपाल म्हणाला, "वाटेत मुंग्या साइड मागतात का?"

"पंचवीस," भाऊसाहेब म्हणाले.

"पंचवीस मुंग्या?"

"ताशी पंचवीस किलोमीटर. सरासरी."

सरासरी हा शब्द त्यांनी केवळ वजनासाठी घातला होता. पण त्याच क्षणी दारात रस्ते विभागाचे इंजिनिअर उभे होते. त्यांची कचेरी वरच्या मजल्यावर होती आणि वरचा पिण्याच्या पाण्याचा नळ बिघडल्यामुळे ते रिकामी बाटली घेऊन खाली आले होते. इंजिनिअर नुकतेच एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते. प्रशिक्षणाहून आलेला माणूस काही दिवस फार धोकादायक असतो.

"रोज येता सायकलने?" त्यांनी बाटली खाली ठेवली. "हाच रस्ता? आणि सरासरी पंचवीस?"

भाऊसाहेबांनी रोखपालाकडे पाहिलं. रोखपाल दात कोरत वाट बघत होता.

"वारा समोरून असला तर," भाऊसाहेब म्हणाले, "चोवीस."

इंजिनिअरांचा चेहरा उजळला. लोक कामाला जाताना सायकल किती वेगाने चालवतात, हाच आकडा त्यांना हवा होता. त्या वेगाला जुळतील असे रस्त्यावरचे पाचही सिग्नल लावायचे. पहिला हिरवा झाला की सायकलवाला निघेल, तो दुसऱ्यापाशी पोचेल तेव्हा दुसरा हिरवा, मग तिसरा, मग चौथा. पाय टेकवायचं कामच नाही.

"पण इतरांनाही विचारलं पाहिजे ना," भाऊसाहेब घाईने म्हणाले.

"कोणाला? कर्मचाऱ्यांत सायकलने येणारे तुम्ही एकटे. म्हणजे पाहणीत शंभर टक्के सायकलस्वारांचा वेग पंचवीस निघाला. इतका एकमुखी निकाल कधी मिळत नाही हो."

आणि ते बाटली तिथेच विसरून वर पळाले.

सरकारी काम हळू चालतं असं आपण म्हणतो. पण ते फक्त बरोबर काम. चुकीचं काम असं झपाट्याने होतं की बघत राहावं. महिना उलटायच्या आत सिग्नल जुळले आणि पहिल्या चौकात पाटी लागली: 'सायकलस्वारांनी ताशी पंचवीसचा वेग ठेवावा. सर्व सिग्नल हिरवे मिळतील.'

पहिल्या सोमवारी सगळे सायकलवाले दुसऱ्या सिग्नलला लाल दिव्यापाशी जमले. मग तिसऱ्याला जमले. चौथ्याला त्यांच्या एकमेकांशी ओळखी झाल्या. हिरवा दिवा प्रत्येकाच्या नाकासमोर विझत होता. भाऊसाहेब जीव तोडून पायडल मारत होते आणि दर सिग्नलला सिस्टरच्या शेजारी येऊन उभे राहत होते, हे एक त्यांना आवडलं असतं, पण सिस्टर आज गुणगुणत नव्हती.

"कोणी शोधून काढला हा पंचवीस?" ती म्हणाली. "कुठल्या शर्यतीतला माणूस धरून आणला?"

"असेल कोणी तज्ज्ञ," भाऊसाहेब घंटी पुसत म्हणाले.

"त्या तज्ज्ञाला एकदा माझ्या वॉर्डात पाठवा काका. इंजेक्शन मी स्वतः देईन. जुन्या सुईने."

आठवडाभर तेच चाललं. सिस्टर लवकर निघायला लागली, पण घरात तिची सासू अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं करून निघायचं तर किती लवकर निघणार? ती पोचेपर्यंत रात्रपाळीची नर्स अडकून पडायची, आणि तिचं तान्हं मूल घरी रडायचं. हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टरनी शेवटचं बजावलं होतं, की या सोमवारपासून उशीर झाला तर बदली गावाबाहेरच्या दवाखान्यात. तिथे सायकलने जाऊन परत यायचं म्हणजे सासूला कोणाच्या भरवशावर ठेवायचं?

हे तिने जिन्यात उभं राहून भाऊसाहेबांच्या बायकोला सांगितलं आणि दाराआडून भाऊसाहेबांनी ऐकलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. डॉक्टरांना जे सायकलने साधायचं होतं ते असं साधू लागलं.

दुसऱ्या दिवशी ते जिना चढून इंजिनिअरांकडे गेले.

"साहेब, माझा वेग पंचवीस नाही."

"वाढला?" इंजिनिअर कौतुकाने म्हणाले.

"कमी आहे. बराच कमी. निम्मा म्हणा ना."

इंजिनिअर उठले आणि त्यांनी दार लोटलं. "भाऊसाहेब, तुम्ही एखाद्याची जन्मतारीख नोंदवली आणि मग बाप येऊन म्हणाला की चुकली, तर काय करता?"

"शपथपत्र लागतं. दोन साक्षीदार. आणि चूक का झाली ते कारण."

"मग मी काय कारण लिहू? मोठे कारकून जेवताना थापा मारत होते आणि मी पाणी भरत होतो?" त्यांनी आवाज खाली आणला. "वेग मंजूर झालाय. आता वेग खाली आणण्यापेक्षा तुम्ही वर या. माणूस बदलतो हो, फाईल बदलत नाही. आणि सोमवारी मुख्याधिकारी पाहणीला येतायत. सगळ्यांच्या पुढे तुम्हीच. मुद्दाम काही करू नका, आपले नेहमीसारखे या."

हे ऐकल्यावर भाऊसाहेबांनी एक अविचार केला. त्यांनी पंचवीसने जायचं ठरवलं. मॅनेजरांनी सायकलचे मडगार्ड काढायला लावले, कारण वजन. मग स्टँड काढला, मग घंटी. "ब्रेकसुद्धा काढला तर?" म्हणाले, पण तो बेत सायकल दुकानदाराने हाणून पाडला. शुक्रवारी संध्याकाळी भाऊसाहेब रस्त्याकडेला सायकलींसाठी होत असलेल्या नव्या पट्टीवर सरावाला गेले. पट्टी त्याच दुपारी केलेली होती आणि सिमेंट ओलं होतं. पुढचं चाक रुतलं, भाऊसाहेब रुतले नाहीत, ते पुढे गेले. आजही त्या पट्टीवर चाकाची एक खोल रेघ आहे, ती एकाएकी संपते, आणि हातभर पुढे दोन तळहात उमटलेले आहेत. नव्या मार्गावर ठसा उमटवणारा पहिला माणूस कोण, हे तिथे कोणी लिहिलेलं नाही, हेच त्यातल्या त्यात बरं.

शनिवारी कचेरी होती आणि बायकोच्या शाळेला सुट्टी. ती पहिलीच्या वर्गाची बाई. भाऊसाहेब सुजलेल्या मनगटांनी निघाले आणि चष्मा घरीच विसरले. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत प्रत्येक सिग्नलला लाल दिव्यावर थांबून, धापा टाकत ते फाटकाशी उतरतात न उतरतात तोच मागून बायको आली. लेकीची जुनी सायकल, पायांत घरातल्या चपला, हातात चष्म्याची डबी. कपाळावर घामाचा टिपूस नाही.

"तू कशी आलीस?"

"सायकलने. तुम्ही पहिल्या सिग्नलवरून सुटलात तेव्हा मी मागेच होते. हाका मारल्या, ऐकलं नाहीत."

"आणि सिग्नल?"

"एकही लागला नाही. सगळे हिरवे." तिने डबी त्यांच्या हातात दिली. "पंचवीस तुम्हीच सांगितलंत ना?"

भाऊसाहेब चष्मा पुसत राहिले. पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसाला चष्मा पुसण्याचे बरेच उपयोग ठाऊक असतात.

"तुला कोणी सांगितलं?"

"शहरात एवढं खोटं एवढ्या गंभीरपणे दुसरं कोण बोलणार? बरं, इकडे बघा. दोन मुली दोरीवरच्या उड्या खेळतायत, दोरी फिरतेय. तिसरीने आत कधी शिरायचं?"

"दोरी वर गेली की."

"ती वेळ चुकली तर?"

"पुढच्या फेरीला."

"आणि मधेच घुसली तर?"

"नडगीवर बसते," भाऊसाहेब म्हणाले. ते आता अगदी पहिलीतल्या मुलासारखे हात मागे बांधून उभे होते.

"शाब्बास. तुम्ही गेले किती दिवस नडगीवर मारून घेताय. पंचवीसने गेलं की पहिली फेरी मिळते. निम्म्याने गेलं की बरोबर त्याच्या पुढची, सिग्नल एकदा लाल होऊन पुन्हा हिरवा झालेला असतो. आपल्या रस्त्यावर ते तसं जमून आलंय. मधल्या वेगाने जाणारे सगळे लाल दिव्यावर आपटतात आणि त्याच पुढच्या फेरीची वाट बघतात. म्हणून तर तुम्ही धावत आलात आणि मी रमतगमत आले, तरी पोचलो एकदमच. सरासरी दोघांचीही साडेबारा."

"म्हणजे मी माझ्या वेगाने गेलो तर..."

"तुमच्या वेगाने. लग्नापासून तोच तर आहे."

भाऊसाहेबांना अपमान आणि आनंद एकदमच झाला, आणि आनंद जिंकला. सोमवारी आपल्या नेहमीच्या वेगाने जायचं, पाचही दिवे हिरवे, आणि बघणाऱ्यांना वाटणार पंचवीस. अब्रू जागच्या जागी. इंजिनिअर म्हणाले होते तेच, मुद्दाम काही करायचं नाही. घरी येताच त्यांनी सिस्टरला जिन्यात गाठलं.

"सिस्टर, युक्ती सापडली. सावकाश जायचं. सगळे हिरवे मिळतात."

"आणि पोचायचं कधी?"

"तेव्हाच, आत्ता पोचता तेव्हाच. पण घाम येत नाही."

"काका, मला घामाचं काही नाही हो," ती म्हणाली. "मला वेळेवर पोचायचंय."

ती वर निघून गेली. भाऊसाहेब जिन्यातच उभे राहिले. मॅनेजर आतून म्हणाले, "सीट थोडी खाली घ्या," पण त्यांनी ऐकलं नाही.

सोमवारी शेवटच्या सिग्नलपाशी मुख्याधिकारी, इंजिनिअर आणि अर्धी कचेरी जमली होती. रोखपाल स्कूटरवर रेलून पुढच्या रांगेत होता. भाऊसाहेब आले. पाठ ताठ, श्वास संथ, चेहऱ्यावर सकाळच्या फेरफटक्याचं समाधान, आणि त्यांच्यापुढे एकेक दिवा हिरवा होत गेला.

"पाचही हिरवे," इंजिनिअर म्हणाले. "साहेब, पंचवीस सिद्ध झाले."

"आणि किती सहज," मुख्याधिकारी म्हणाले. "मला तर हळू वाटले. मुरलेल्या माणसाचा वेग दिसत नाही, तो असा."

रोखपालाचं तोंड उघडंच राहिलं. भाऊसाहेबांनी ज्या क्षणासाठी एवढं केलं होतं तो हा क्षण. त्यांनी तो चांगला डोळे भरून पाहिला. पण रोखपालाच्या खांद्यावरून त्यांना मागचा सिग्नल दिसत होता. तिथे लाल दिव्यापुढे सिस्टर एक पाय टेकवून उभी होती आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

"साहेब," भाऊसाहेब म्हणाले, "मी साडेबाराने आलो."

"विनय चांगला आहे, पण..."

"विनय नाही साहेब. खोटं आहे. माझंच. पंचवीस मी जेवताना सांगितलं, रोखपाल हसला म्हणून. या रस्त्यावर पंचवीसने कोणीच जात नाही."

इंजिनिअर आकाशाकडे बघू लागले. मुख्याधिकाऱ्यांना राग आला, पण तो खोट्याचा नव्हता, आपण आत्ताच केलेल्या कौतुकाचा होता.

"कोणीच जात नाही कसं?" ते म्हणाले. "प्रयत्न करत नाहीत. द्या ती सायकल."

जीपमधून सायकल आणि भाऊसाहेब पहिल्या चौकात गेले आणि मुख्याधिकारी सायकलवर बसले. दुसऱ्या सिग्नलला ते अडकले. तिसऱ्याला अडकले. चौथ्यावर त्यांनी वाहतूक पोलिसाला काहीतरी सुनावलं, पण दिव्याला पोलिसाची ओळख नव्हती. पाचव्यापाशी ते आले तेव्हा शर्ट बाहेर आला होता आणि बोलण्याआधी त्यांना बराच वेळ हँडलला धरून उभं राहावं लागलं.

"साहेब," इंजिनिअरांनी हळूच विचारलं, "वेग साधारण किती होता?"

मुख्याधिकाऱ्यांनी जमलेल्या लोकांकडे पाहिलं. रोखपालाकडे पाहिलं. भाऊसाहेबांना ती नजर ओळखीची वाटली.

"अठरा," मुख्याधिकारी म्हणाले. "सरासरी."

सायकल भाऊसाहेबांच्या हातात आली. शेजारून जीपमधून येताना त्यांची नजर काट्यावरच होती, आणि तो काटा एकदाही पंधराच्या वर गेला नव्हता. ते तोंड उघडणार होते. मग त्यांना एक गाणं गुणगुणणारी सायकल आठवली, डबा, छत्री आणि भाजीसकट. त्यांनी तोंड मिटलं.

वरिष्ठांच्या वेगाला शपथपत्र लागत नाही. दोन दिवसांत सिग्नल अठरावर आले आणि पाटीवर नवा रंग चढला. हॉस्पिटलात मोठ्या सिस्टर पाहणीची हकिकत ऐकून हसल्या होत्या आणि तोपर्यंतचा उशीर त्यांनी पोटात घातला होता. आता रात्रपाळीची नर्स वेळेवर घरी जाते. सिस्टर पाचही हिरव्या दिव्यांखालून सुसाट निघून जाते. इंजेक्शनाचा विषय एकदाच निघाला. "बाही वर करा काका," ती जिन्यात म्हणाली होती, आणि भाऊसाहेबांनी खरोखरच बाही वर केली होती.

त्यांना स्वतःला आता प्रत्येक सिग्नल लाल लागतो. कितीही जपून गेले तरी साडेबाराचा मेळ अठराशी बसत नाही. ते पाय टेकवतात, उभे राहतात, निघतात, पुन्हा उभे राहतात. त्यांची खरी सरासरी आता सांगण्यासारखी राहिलेली नाही, आणि ते सांगतही नाहीत.

परवा डॉक्टरांनी रोखपालाच्या पोटाकडे पाहिलं. काल तो सायकलवर आला. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी विचारलं, "काय मग, किती वेगाने आलात?" रोखपालाने डबा बाजूला सारला, खुर्चीत मागे रेलून छताकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

जिन्यावर पावलं वाजली. वरचा नळ अजून दुरुस्त झालेला नव्हता. भाऊसाहेब घास टाकून उठले आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली.